ब्राउझरमधून अख्खा लिनक्स डेस्कटॉप: पुराच्या दिवसांत शिरोलीतलं मशीन घरातून चालवायचंय

पॅटर्नवाला_शिरोली

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझं पॅटर्न करायचं छोटं वर्कशॉप आहे. आसपासच्या फाउंड्र्यांना लाकडी आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न, कोअर बॉक्स (ओतकामाचे साचे ज्यावरनं करतात ते नमुने) करून देतो. ड्रॉइंगचं सगळं काम एका डेबियन लिनक्सच्या मशीनवर चालतं: एक्सएफसीई डेस्कटॉप, त्रिमिती ड्रॉइंगला फ्रीकॅड, कोटेशनला लिब्रेऑफिस. घर राजारामपुरीत.

पावसाळ्यात काय होतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि त्याच्याही वर पंचगंगा गेली की शिरोलीजवळ हायवेवरच पाणी. २०१९ ला आणि २०२१ ला मशीन पलीकडं आणि मी अलीकडं असं झालं. ड्रॉइंग तिथं अडकलेली, फाउंड्रीवाले इकडं फोन करणार. नुसत्या फायली आणून भागत नाही. त्या मशीनवर माझे मॅक्रो आहेत, कुठल्या धातूला आकसण्यासाठी किती वाढीव माप धरायचं त्याची शीट आहे, अर्धवट उघडी ठेवलेली कामं आहेत. मला तोच डेस्कटॉप जसाच्या तसा समोर पाहिजे.

आणि तो ब्राउझरमधनं पाहिजे. घरात जे मशीन मोकळं सापडेल त्यावर बसायचं: मुलीचा टॅबलेट, बायकोचा नोकरीतला लॅपटॉप. त्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करता येत नाही.

वर्कशॉपातल्या वायफायवर नोव्हीएनसी (ब्राउझरमधनं दुसऱ्या मशीनचा डेस्कटॉप दाखवणारं साधन) लावून बघितलं. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये अख्खा डेस्कटॉप उघडला, मेनू, फायली, सगळं. आता हे नदीच्या अलीकडं कसं आणायचं? फ्रीकॅडमध्ये वस्तू फिरवताना अडकतं त्याचं काय करायचं? आणि मराठी टायपिंगचं कुणी काही केलंय का?

टर्मिनलप्रेमी

पॅटर्नवालेदादा, चांगला विषय काढलात. मी मूळचा गडहिंग्लजचा, सध्या पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो. आधी तुमच्याकडे जे चालू झालंय ते आतून कसं चालतं ते सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

व्हीएनसी, म्हणजे दूरच्या मशीनचा डेस्कटॉप दाखवायचं तंत्र, जुनं आहे. १९९० च्या दशकात केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत ते तयार झालं. कल्पना साधी: स्क्रीनचा जो चौकोन बदलला तेवढाच पाठवायचा, आणि समोरून कळ आणि माऊस घ्यायचा. ५९०० हा त्याचा मूळ पोर्ट (मशीनमध्ये यायच्या दाराचा नंबर), त्यात डिस्प्लेचा नंबर मिळवायचा. म्हणजे एक नंबरचा डिस्प्ले ५९०१ वर. ब्राउझर मात्र असल्या पोर्टशी थेट बोलू शकत नाही, त्याला वेबसॉकेट, म्हणजे वेबपानाची सतत उघडी राहणारी जोडणी, लागतं. म्हणून मध्ये वेबसॉकिफाय नावाचा छोटा प्रोग्राम बसतो. एका बाजूला वेबसॉकेट, सहसा ६०८० वर, दुसऱ्या बाजूला ५९०१. नोव्हीएनसी म्हणजे ब्राउझरमध्ये उतरणारी जावास्क्रिप्ट. ती आलेले चौकोन कॅनव्हासवर रंगवते.

आता कळीची गोष्ट. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून ५९०१ किंवा ६०८० बाहेर उघडायचा विचार मनात असेल तर तो सोडा. व्हीएनसीच्या जुन्या पासवर्ड पद्धतीत फक्त पहिली ८ अक्षरं धरतात. तुम्ही वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवलात तरी दारावर आठच तपासली जातात. आणि साध्या एचटीटीपीवरून गेलात तर कोटेशनपासून बँकेच्या पानापर्यंत सगळं उघड्यावर जातं. हे दोन्ही पोर्ट १२७.०.०.१ (लोकलहोस्ट) वरच बांधा, म्हणजे ते त्याच मशीनपुरते राहतील. टायगरव्हीएनसी या व्हीएनसी सर्व्हरला लोकलहोस्टचा पर्याय आहे, वेबसॉकिफायलाही पत्ता देता येतो.

गूळबाजार

भावा, एवढं कशाला? एनीडेस्क टाकायचं, नंबर सांगायचा, झालं की. आमच्या पेढीवर तसंच चाललंय.

टर्मिनलप्रेमी

पासवर्ड ठेवला तर समोर कुणी नसतानाही ते चालतं. पण तुमचं पूर्ण काम तिसऱ्याच्या सर्व्हरच्या आणि त्याच्या लायसनच्या भरवशावर राहतं. ज्याचं पोट त्या मशीनवर आहे त्याने रस्ता स्वतःच्या ताब्यात ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

प्रयोगशाळा_बाई

मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमच्या लॅबमधली मशीनं विंडोजची, त्यावर मुलांना काही बसवायची परवानगी नाही, आणि मला तर त्यांना लिनक्स शिकवायचंय. म्हणून विभागातल्या एका जुन्या सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद कप्प्यांत चालवणारं साधन) घातलं आणि वेबटॉप नावाची तयार इमेज चालवते. प्रत्येक मुलाला एक कंटेनर, म्हणजे असा एक कप्पा, प्रत्येकाचा वेगळा पोर्ट. ब्राउझर उघडला की समोर उबंटू किंवा डेबियन, एक्सएफसीईसकट. मुलगी बारा वाजता फाइल जशी सोडून गेली तशी ती दोन वाजता दुसऱ्या लॅबमधल्या मशीनवर सापडते. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात, आणि मला ते दरवर्षी तितकंच आवडतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्या कंटेनरला सामायिक मेमरी वाढवून द्यावी लागते, १ जीबी तरी. डॉकर मुळात ६४ एमबीच देतं आणि तेवढ्यावर आतला फायरफॉक्स किंवा क्रोमियम कोसळतो. दुसरी जास्त महत्त्वाची: आतल्या टर्मिनलवर पासवर्डशिवाय सुडो (मशीनचे सगळे अधिकार देणारी आज्ञा) चालतं आणि मुळात लॉगिनही नसतं. कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवर, समोर पासवर्ड लावून, ठीक आहे. बाहेर उघडं ठेवणं म्हणजे चावी कुलपातच ठेवून गावाला जाणं.

पॅटर्नवाल्यांना मात्र मी कंटेनर सुचवणार नाही. त्यांना नवा डेस्कटॉप नकोच आहे, आहे तोच पाहिजे.

पॅटर्नवाला_शिरोली

मॅडम, अगदी बरोबर बोललात. माझा आहे तोच पाहिजे.

त्यावरनंच एक विचारतो. आत्ता मी एक्स११व्हीएनसी लावलंय. वर्कशॉपातल्या मॉनिटरवर जे असतं तेच मोबाइलवर दिसतं. मी ऑफिसच्या बाहेर उभा राहून मोबाइलवर माऊस हलवला, तर आत मिस्त्री मॉनिटरकडं बघत उभे: बाण आपोआप फिरतोय, फाइल आपोआप उघडतेय. पुरात तिथं कोण नसणार हे खरं, पण एरवी घरनं रात्री काम करताना दुसऱ्या पाळीतला कुणी बघतोय असं नको.

टर्मिनलप्रेमी

मग आरसा नको, वेगळं सत्र घ्या. टायगरव्हीएनसीचा सर्व्हर स्वतःचा अदृश्य डिस्प्ले तयार करतो, मॉनिटर लावलेला असो वा नसो. त्यात तुमचाच यूजर, तुमच्याच फायली, पण खिडक्या वेगळ्या. फक्त एक पथ्य पाळा: एकच यूजर दोन सत्रांत असताना फायरफॉक्सचं तेच प्रोफाइल दोन्हीकडे उघडत नाही, आणि एकच ड्रॉइंग दोन्हीकडे उघडलंत तर जे शेवटी सेव्ह होईल ते राहील. निघताना वर्कशॉपातलं सत्र लॉगआउट करायची सवय लावा.

या वेगळ्या सत्राचा मोठा फायदा म्हणजे नोव्हीएनसीच्या सेटिंगमध्ये रिमोट रिसायझिंग निवडता येतं. टॅबलेटच्या खिडकीएवढाच डेस्कटॉप तिकडे तयार होतो. अक्षरं वाचता येतात आणि पिक्सेल कमी जातात.

आता अडकण्याबद्दल. हिशेब करून बघा. १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाखांवर पिक्सेल. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एक पूर्ण चित्र सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला ३० चित्रं म्हटली तर सेकंदाला जवळपास २५० एमबी, म्हणजे २ गिगाबिट. एवढी लाइन आपल्यासारख्यांकडे नसते. म्हणून बदललेलाच भाग, तोही दाबून पाठवतात. कोटेशन टाइप करताना एक ओळ बदलते, ते चटकन येतं. फ्रीकॅडमध्ये वस्तू फिरवली की अर्धी स्क्रीन प्रत्येक क्षणी बदलते. तिथं दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक ती एकत्र करतात.

पहिलं दुखणं पाठवण्याचं. नोव्हीएनसीत क्वालिटी ० ते ९ असते, मुळात ६ वर. मोबाइल डेटावर ती ३ वर आणा. रेषा किंचित धूसर दिसतात, पण फिरवणं सुसह्य होतं. एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजरमधलं कंपोझिटिंग बंद करा, म्हणजे सावल्या आणि पारदर्शक कडा जातात. वॉलपेपर एकाच रंगाचा ठेवा. आणि लक्षात घ्या, इथं वर्कशॉपाकडचा अपलोड वेग मोजायचा. घरचा डाउनलोड कितीही असला तरी चित्र तिकडून निघतंय.

दुसरं दुखणं चित्र बनवण्याचं. या अदृश्य डिस्प्लेला ग्राफिक्स कार्ड बहुतेकदा दिसतच नाही, त्रिमितीचं सगळं गणित प्रोसेसरवर होतं. कार्ड असेल तर व्हर्च्युअलजीएल बसवा आणि फ्रीकॅड व्हीजीएलरन लावून सुरू करा. ते कार्डावर चित्र काढून घेतं आणि तयार चित्र व्हीएनसीच्या डिस्प्लेवर ठेवतं.

शाहूपुरी_रात्रपाळी

जरा वेगळं मत मांडतो. त्रिमिती काम असेल तर व्हीएनसीच्या मागे लागूच नये. कॅस्मव्हीएनसी बघा. ते टायगरव्हीएनसीवरूनच निघालंय, पण ब्राउझर हाच त्याचा मुख्य ग्राहक, मध्ये वेबसॉकिफाय लागत नाही, आणि चित्र वेबपी या फॉरमॅटमध्येही दाबतं. त्याच्याही पुढे सेल्कीज. तो वेबआरटीसीवर (ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलचं तंत्र) व्हिडिओसारखा प्रवाह पाठवतो, कार्डात एन्कोडर असेल तर तो वापरतो. मी सेल्कीजवर व्हिडिओ कापायचं काम केलंय आणि हाताला फरक जाणवतो.

टर्मिनलप्रेमी

कॅस्मव्हीएनसी हा चांगला पर्याय आहे, पॅटर्नवालेदादांनी दुसऱ्या टप्प्यात जरूर बघावा. सेल्कीज मात्र वर्कशॉपातल्या माणसाला पावसाळ्यात दुरुस्त करायला सांगू नये. वेबआरटीसीला एनएटीमागून (एका आयपीआड अनेक मशीनं बसवणाऱ्या राउटरमागून) जाताना अनेकदा मध्यस्थ टर्न सर्व्हर लागतो, तो बिघडला की नुसती काळी स्क्रीन दिसते आणि कारण शोधत बसावं लागतं. अडचणीच्या दिवसासाठी उभी करायची गोष्ट साधी असावी.

रंकाळा_पश्चिम

ग्वाकामोलेचं कुणी नाव घेतलं नाही अजून?

प्रयोगशाळा_बाई

घेते. अपाचे ग्वाकामोले मी विभागासाठी चालवते. ते स्वतः डेस्कटॉप देत नाही, ते फाटक आहे. मागे ग्वाकडी नावाचा डीमन व्हीएनसी, विंडोजचा आरडीपी, टर्मिनलचा एसएसएच बोलतो आणि पुढे टॉमकॅटवरचं वेब ॲप. एका लॉगिनमधून सर्व्हर, लॅबची विंडोज मशीनं, स्विचचं टर्मिनल, सगळीकडे जाता येतं. दोन टप्प्यांचं लॉगिन लावता येतं, सत्राचं रेकॉर्डिंग ठेवता येतं. बसवल्यावर मुळातलं यूजरनाव आणि पासवर्ड दोन्ही जगजाहीर आणि एकच असतात, ते पहिल्या पाच मिनिटांत बदला.

अनेक माणसं आणि अनेक मशीनं असतील तर ग्वाकामोले. एक माणूस, एक मशीन असेल तर ते सांभाळणं जास्तीचं काम आहे.

पॅटर्नवाला_शिरोली

माझं एकच मशीन, मीच एक माणूस. मग नोव्हीएनसीच ठेवतो.

पण बाहेर आणायचं कसं? इंटरनेटवाल्याला पब्लिक आयपी मागितला तर तो म्हणाला मिळणार नाही. राउटरमध्ये बघितलं तर पत्ता १०० नं सुरू होतोय.

टर्मिनलप्रेमी

१०० च्या पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर तो सीजीनॅटचा पत्ता. कंपनी अनेक ग्राहकांना एकाच खऱ्या आयपीमागे बसवते. बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत वाटच नाही, पोर्ट फॉरवर्ड केला तरी उपयोग शून्य. तुमच्या बाबतीत हे एका परीने बरंच झालं.

उलटं करा. वर्कशॉपातल्या मशीनने बाहेर जोडणी करायची. सोपी वाट टेलस्केल किंवा स्वतःचं वायरगार्ड, म्हणजे दोन मशीनांमधला खाजगी बोगदा. वायरगार्ड २०२० पासून, म्हणजे लिनक्स ५.६ पासून, कर्नलमध्येच आहे. पण मग समोरच्या मशीनवरही ते बसवावं लागतं. टॅबलेटवर चालेल, त्या नोकरीतल्या लॅपटॉपवर नाही.

पूर्णपणे ब्राउझरच हवा असेल तर मुंबईत छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घ्या. तिकडे जड काम काहीच नाही, अगदी लहान पुरतो. वर्कशॉपातलं मशीन वायरगार्डने त्या व्हीपीएसला जोडून ठेवा, आणि वेबसॉकिफाय तेवढा १२७.०.०.१ ऐवजी त्या वायरगार्डच्या पत्त्यावर बांधा. व्हीपीएसवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, त्यावर एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र. ते ९० दिवसांचं असतं, आपोआप नवं होतंय ना ते एकदा तपासा. त्याच्यापुढे लॉगिन, शक्यतो दोन टप्प्यांचं. त्यातून आत गेलं की मगच नोव्हीएनसीचं पान दिसावं. व्हीपीएस अमेरिकेतला स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका. प्रत्येक कळ समुद्र ओलांडून जाऊन परत येईल, २०० मिलिसेकंदांच्या वर उशीर लागेल आणि टायपिंग नकोसं होईल.

प्रयोगशाळा_बाई

त्या नोकरीतल्या लॅपटॉपबद्दल बोलायलाच हवं. काही इन्स्टॉल करावं लागत नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही. कित्येक कंपन्या लॅपटॉपवरची सगळी वाहतूक बघतात, आणि बाहेरच्या मशीनचा डेस्कटॉप उघडलेला दिसला तर जाब वहिनींना विचारतील. टॅबलेटला ब्लूटूथ माऊस आणि कीबोर्ड जोडा, काम व्यवस्थित होतं.

पॅटर्नवाला_शिरोली

हे पटलं मॅडम. लॅपटॉपचा विषय बंद. टॅबलेटच.

गूळबाजार

आणि लाइट गेली तर? पुरात पहिली तीच जाते. मशीन बंद पडलं तर ब्राउझरमध्ये काय दिसणार?

शाहूपुरी_रात्रपाळी

या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न.

बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं असा पर्याय असतो, तो चालू करा. राउटर आणि फायबरच्या डब्याला वेगळा छोटा यूपीएस द्या, मशीन टिकलं आणि राउटर गेला तर फायदा नाही. व्हीएनसी आणि वेबसॉकिफाय दोन्ही सिस्टमडीच्या सेवा करा, म्हणजे मशीन उठल्यावर कुणी लॉगिन न करता सत्र तयार असेल. हार्ड डिस्क पासवर्डने एन्क्रिप्ट केली असेल तर मात्र मशीन तो पासवर्ड मागत तिथंच थांबेल, त्याची सोय आधी बघा. आणि सीपीयू टेबलावर ठेवा, जमिनीवर नको.

टर्मिनलप्रेमी

याला जोडून: रोज रात्री आरसिंकने ड्रॉइंगचं फोल्डर त्या व्हीपीएसवर किंवा घरातल्या डिस्कवर येऊ दे. दूरचा डेस्कटॉप ही कामाची सोय आहे, बॅकअपची जागा ती घेऊ शकत नाही. तिथली डिस्कच गेली तर ब्राउझर काही परत आणणार नाही.

रंकाळा_पश्चिम

मला कंट्रोल-डब्ल्यूचा त्रास आहे. आतल्या डेस्कटॉपवर एक टॅब बंद करायला जातो आणि अख्खा डेस्कटॉपचा टॅबच जातो.

शाहूपुरी_रात्रपाळी

काम हरवत नाही, सत्र तिकडे तसंच चालू असतं. टॅब पुन्हा उघडा, सगळं होतं तिथंच असेल. पण वैताग खरा आहे. क्रोमियम घराण्यातल्या ब्राउझरमध्ये पूर्ण स्क्रीनवर गेल्यावर वेबपानाला असे शॉर्टकट स्वतःकडे घेता येतात. कॅस्मव्हीएनसीसारख्या साधनांचा त्यात फायदा होतो. नाहीतर पान ॲपसारखं वेगळ्या खिडकीत बसवून बघा.

प्रयोगशाळा_बाई

मराठीचं राहिलं. आम्ही हे बऱ्यापैकी घासून बघितलंय.

समोरच्या मशीनचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवा. मराठी तिकडे, लिनक्सच्या बाजूला लावा. आयबस या लिनक्सच्या टायपिंगच्या साधनात इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा आणि आयबस-डीमन सत्र सुरू होतानाच चालू होईल असं बघा. नेहमीच्या लॉगिनमध्ये ते आपोआप होतं, व्हीएनसीच्या सत्रात बहुतेकदा स्वतः लिहावं लागतं. मग तुम्ही कुठली कळ दाबली तेवढंच जातं आणि अक्षर तिकडे घडतं. ‘प्रति’, ‘श्री’, ‘कोल्हापूर’ सगळं नीट उमटतं. उलट इकडेच मराठी करून पाठवायला गेलात तर जोडाक्षरांत गडबड होते.

तयार मजकूर चिकटवताना वेगळी अडचण येते. व्हीएनसीच्या मूळ नियमात क्लिपबोर्ड लॅटिन-१ चा आहे, म्हणजे देवनागरीला त्यात जागाच नाही. जुन्या आवृत्त्या असल्या तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. नोव्हीएनसी आणि टायगरव्हीएनसी दोन्ही अलीकडच्या असतील तर युनिकोड जातं. ब्राउझर तुमचा क्लिपबोर्ड थेट वाचायला देतो तोही फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर. तिकडे लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट बसवलेला नसेल तर चौकोन दिसतील.

पॅटर्नवाला_शिरोली

मंडळी, रविवारी सगळं लावलं. मुंबईतला व्हीपीएस, वायरगार्ड, एनजिनएक्स, पुढं दोन टप्प्यांचं लॉगिन. वर्कशॉपात टायगरव्हीएनसीचं वेगळं सत्र. राजारामपुरीतल्या घरात टॅबलेटवर फ्रीकॅड उघडलं आणि पंपाच्या बॉडीचा कोअर बॉक्स फिरवला. क्वालिटी ४ वर ठेवली तर हात थांबला की चित्र लगेच ताळ्यावर येतंय. मोजमाप टाकायला, सेक्शन कापायला काही अडचण नाही. इनस्क्रिप्टनं मराठी कोटेशनही लिहिलं. लई समाधान वाटलं.

एकच खटका आहे. हात न लावता ठेवलं की बरोबर मिनिटभरानं जोडणी तुटते.

टर्मिनलप्रेमी

एनजिनएक्स आहे तो. मागून ६० सेकंद काही आलं नाही तर तो जोडणी तोडतो, त्याची मुळातली सेटिंगच तशी. स्थिर ड्रॉइंगमध्ये काही बदलत नाही, म्हणून काही येतही नाही. वेबसॉकेटच्या लोकेशनमध्ये प्रॉक्सी रीड टाइमआउट ३६०० करा. किंवा वेबसॉकिफायला हार्टबीट ३० द्या, म्हणजे तो दर अर्ध्या मिनिटाला जिवंत असल्याचं कळवत राहील. दोन्ही केलंत तरी चालेल.

पॅटर्नवाला_शिरोली

दोन्ही केलं. ड्रॉइंग उघडं ठेवून जेवून आलो, जोडणी तशीच होती. राउटरचा यूपीएस उद्या आणतोय, बायोसचं आजच करून ठेवलंय. सिस्टमडीच्या दोन्ही सेवांच्या फायली कशा लिहिल्या ते सवडीनं इथंच टाकतो, गूळबाजारवाल्या भावालाही लागतील.

गूळबाजार

टाक भावा, पेढीवरच्या मशीनला लावून बघतो.